सतरा नंबर अंग चोरते

— त्या खुर्चीवर नका बसू काका, तिचा एक पाय ढिला आहे, परवाच एक जण आडवा झाला. ह्या इकडल्या खुर्चीवर बसा. हो, ही अमरचीच. बसा ना, काही होत नाही. अमर नागपूरले गेला. कंपनीची मीटिंग आहे. कधी येईन ते सांगता येत नाही — आज येईन, उद्या येईन, मीटिंग लांबली तर परवा. पाणी घ्या. झेरॉक्स? झेरॉक्स इथं नाही होत काका. खाली रहमतभाईचं मोटर रिवायंडिंगचं दुकान, वर आमची खोली, आणि झेरॉक्सवाला चौकात. तुम्ही त्याच्याच दुकानासमोरून आले, बोर्ड एवढा मोठा आहे त्याचा. आणि झेरॉक्स कायची काढाची? हातात तर एकही कागद नाही तुमच्या.

हसू नका, मी केव्हाचा पाहून राह्यलो तुमाले. खिडकीतून सगळं दिसते. आज बाजाराचा दिवस आणि तुमच्या हातात थैली नाही. शर्टाले इस्त्री कडक, पण पाठीवर घड्या पडल्या — म्हणजे दोन-तीन तास गाडीत टेकून बसलेला माणूस. रहमतभाईपाशी दहा मिनिटं उभे राह्यले, मोटर तर तुम्ही आणली नव्हती. मंग पानठेल्यावर गेले. मंग वर पाह्यलं, मंग जिना. चौकशीले आले ना? अमरच्या? उमरखेडवरून? मले इंदुताईनं — अमरच्या आईनं — सांगूनच ठेवलं होतं, का पोरीकडचं कोणीतरी येईन, सांगून येणार नाही, काही निमित्त काढून येईन. तुम्ही सुरभीचे मामा ना? सदाशिवराव? मंग असं म्हणा ना सरळ. तुमाले मोठ्या लोकाईले सरळ विचाराची लाज काहून वाटते मले समजत नाही — पोट्ट्यानं खोटं बोलू नये, आणि स्वतः जिना चढता चढता खोटं जुळवून ठेवाचं. मी आयुष. अमरचा दोस्त. पहिलीपासून एका बाकावर.

विचारा, विचारा. दारू? नाही पित. तंबाखूचा खर्रा? नाही खात — आणि तुमच्याच वरच्या खिशात पुडी दिसून राह्यली काका, मंग त्याचं कायले विचारता. राग नका येऊ देऊ, मी असाच बोलतो, रहमतभाई म्हणते तुह्या जिभेले ग्रीस लावा लागते. पोरीबिरीचं काही नाही. वावर आहे थोडं, कापूस आणि तूर. घर पक्कं. पण हे तर सगळं बायोडाट्यात लिहिलं असन. मंग तुम्ही एवढ्या उन्हाचे, एवढ्या दूरून, कायले आले? — पोरगा कसा आहे ते पाहाले. हाव. हाच तर खरा सवाल आहे. आणि मजा पाहा, तुम्ही हा सवाल घेऊन बरोबर माणसापाशी आले. माह्यं कामच ते आहे. पोरगा कसा आहे ते सांगाचं. दिवसभर मी दुसरं काहीच करत नाही.

इकडं पाहा, ह्या पडद्याकडं. पांढरं दिसून राह्यलं ते बर्फ आहे. सिनेमा नाही हो, खरंच — आख्खं मैदान बर्फाचं, त्याच्यावर पायाले पाती बांधून पोट्टे पळतात, हातात वाकड्या काठ्या, आणि ते काळं ठिपकं दिसते का, ते चकती. रबराची. चेंडूऐवजी. हॉकीच आहे, पण बर्फावरची. कॅनडात. हे सगळे सतरा-अठराचे पोट्टे. दर वर्षी जूनमधी तिथले मोठे मोठे संघ एका हॉलमधी बसतात आणि पाळीपाळीनं पोट्टे निवडतात — हा माहा, तो तुहा. आणि जो संघ मागच्या वर्षी जास्त हारला त्याची पाळी आधी. हसले ना? मीही हसलतो. आपल्या इथं जो हारला त्याले मागच्या बाकावर बसवतात, आणि वरून त्याच्या बापाले बोलावतात. तर त्या निवडीच्या आधी वर्षभर तिकडंही चौकशी चालते. तुमच्यासारखेच काका असतात — टोपी घातलेले, कॉफीचा कप घेऊन वरती बसलेले, वहीत काहीबाही लिहून राह्यलेले. पण पोट्टे हजारानं, काका मोजके. मंग सामन्याचा व्हिडिओ येते नागपूरच्या कंपनीत, आणि कंपनीतून इथं, घाटंजीत, रहमतभाईच्या डोक्यावर. आम्ही एकेका पोट्ट्यावर बटन दाबत बसतो — चकती घेतली, चकती दिली, चकती गमावली, कोणाले पाहून दिली, का नुसती भिऊन सोडली. आणि शेवटी त्याच्यावर चार ओळी लिहाच्या. पोट्टा कसा आहे.

किती गोल केले ते? तुम्ही पण तेच विचारलं. सगळे तेच विचारतात! अमरनं मले पहिल्या दिवशी सांगितलतं — आयुष, चकतीकडं नको पाहू. चकतीपाशी तर सगळेच पळतात, गाढवही पळन. चकती दुसऱ्यापाशी असताना हा पोट्टा काय करते ते पाह्य. आपल्याच संघातल्या दुसऱ्याच्या चुकीनं गोल झाला तर त्याच्याकडं जाते का त्याच्यापासून दूर जाते. कोचनं शिव्या दिल्या तर बाकावर कसा बसते. तुम्ही लोकं नुसती चकती पाहता काका. तुमचं पॅकेज, तुमची डिग्री, तुमचा पक्का पगार — चकती! माह्या बुढ्यानं तेच केलं. बारावीचे टक्के पाह्यले आणि इंजिनिअरिंगले टाकून दिलं, मी काय करतो, मले काय येते, कधी डोळे वर करून नाही पाह्यलं. तिसऱ्या वर्षाले मी सोडलं. मॅथ्सच्या पेपरात तीनदा नापास झालतो, चौथ्यांदा बसाचं नव्हतं. त्या दिवशी बापानं एकच केलं — ताट बाजूले सारलं आणि म्हणे, आजपासून ह्याचं नाव माह्यासमोर काढू नका. घरात चार माणसं, नाव कसं काढणार नाहीत? मंग मले 'तो' म्हणाले लागले. त्याले वाढ. तो आला का. तीन वर्षं झाली, घरात माह्यं नाव नाही. इथं येऊन बसलो ते अमरनं बोलावलं म्हणून. म्हणे, माह्या एकट्याच्यानं एवढे सामने होत नाहीत, तू ये.

नाही नाही, कंपनीनं मले नव्हतं घेतलं. कंपनीले डिग्री पाहिजे होती. लॉगिन अमरच्या नावाचं, काम दोघांचं. हो, चालते तसं. तुमच्या इथं शाळेत मास्तर एकाच्या नावानं आणि शिकवते दुसराच, ते चालत नाही का? मंग. आम्ही तरी काम करत होतो. उन्हाळ्यात, लाईट गेली की इन्व्हर्टरवर फक्त कॉम्प्युटर चाले, कूलर बंद, खिडकीले ओला बारदाना लावून आम्ही दोघं घामेघूम — आणि समोर बर्फच बर्फ. अमरले तर मे महिन्यात सर्दी झालती. खरंच! मी म्हणलं, बावा, पाहून पाहून झाली तुले. आणि एकदा काय केलं माहीत आहे का त्यानं? बाजारातल्या गोळेवाल्याकडून बर्फाची आख्खी लादी आणली. सायकलवर, पोत्यात गुंडाळून. गच्चीवर ठेवली, आणि रहमतभाईकडून मोटरचा एक रबरी वायसर आणला, आणि बोटानं ढकलला. नुसता पाहाले — चकती सरकते कशी. आम्ही दोघंही कधी बर्फावर उभे नाही राह्यलो ना, आम्ही त्या पोट्ट्याईले नंबर देणारे. वायसर असा सर्रकन गेला आणि पलीकडं पडला. अमर म्हणे, आयुष, पाह्यलं का, थांबवाच्या आधी ते थांबत नाही, म्हणून त्याईले आधीच पाहा लागते कुठं जाचं ते. वीस मिनिटांत लादी पाणी. गच्ची ओली, आम्ही ओले, रहमतभाई खालून ओरडून राह्यला, माह्या वायंडिंगवर पाणी गळते रे हरामखोर हो. ते वीस मिनिटं — जाऊ द्या. तुमाले काय सांगाचं.

चहा घेता? खालून बोलावतो. नाही? बरं.

एक गोष्ट सांगतो, मंग तुमाले समजन अमर कसा आहे. हे खरं पाहता सांगाचं नव्हतं, पण तुम्ही विचारलं. मागच्या वर्षी एक पोट्टा होता, सतरा नंबर. नाव होतं त्याले, पण आम्ही नंबरच म्हणो. बारका, चपळ, चकती त्याच्या काठीले चिकटून राहे. पण एक होतं — कोपऱ्यात चकती गेली, दोघं तिच्यामागं, आता धडक होणार, आणि हा ऐन वेळी हलका होये. सरके बाजूले. एकदा, दोनदा, चार सामन्यांत तेच. मले राग आला. मले असे पोट्टे पाहून रागच येते — एवढं सगळं मिळालं, बर्फ मिळालं, बूट मिळाले, बाप सामना पाहाले येते, नुसता येत नाही तर उभा राहून टाळ्या वाजवते, आणि लेकाचा धडक खाले भिते! त्या दिवशी अमर नव्हता, त्याच्या आजोबाची तेरवी होती. मी एकटा. आणि माह्यं इंग्रजी काही त्याच्यासारखं नाही. कंपनीनं तेव्हा नवीनच काढलं होतं — आपल्या भाषेत लिहा, मशीन इंग्रजी करन. मी लिहिलं, 'सतरा नंबर अंग चोरते.' एवढंच. आणि पाठवून दिलं.

तुमच्या उमरखेडले पण हेच म्हणतात ना? वावरात निंदाले आलेला माणूस अंग चोरते म्हणजे काय करते, हे पाच वर्षांच्या लेकराले समजते. मशीनले नाही समजलं. मशीननं त्याचं केलं — बॉडी घेते. आता त्याईच्या खेळात, काका, बॉडी घेणं म्हणजे समोरच्याले छातीनं धडक देऊन आडवा करणं. भल्ली मोठी तारीफ आहे ते! ज्या पोट्ट्याले मी कामचोर म्हणलं, तो कागदावर पहिलवान झाला. हसा, हसा. आम्हीही हसलो असतो. बारका आहे, चपळ आहे, आणि वरून धडकही देते — मंग काय पाहिजे? एका संघानं घेतला त्याले, पाचव्या पाळीत. माह्याच ओळीवर घेतला असं नाही म्हणत मी, त्याईचे काकाही पाहून गेले असतीन. पण कागदात ओळ होती. आमच्या हातानं दिलेली.

मंग शिबिर असते. निवडलेल्या पोट्ट्याईचं, भादव्याच्या सुमाराले. तिथं त्याले म्हणे, तू तर धडकीवाला, दाखव. आणि त्यानं दाखवलं. आपल्याहून दीडपट पोट्ट्यावर गेला, डाव्या खांद्यानं, आणि तिथंच बसला. खांदा निखळला. पहिल्यांदा निखळलेला नव्हता तो — डॉक्टर म्हणे, जुनंच आहे, फाटलेलं आहे आतून. ऑपरेशन. वर्ष गेलं. पुढचं कोणाले माहीत. अमरनं मले ते दाखवलं, ह्याच पडद्यावर. मंग माह्या त्या चार सामन्यांचे व्हिडिओ पुन्हा लावले. म्हणे, आता चकती नको पाहू, काठीही नको पाहू, त्याचा डावा हात पाह्य. मी पाह्यला. बाकावर बसला की डावा हात मांडीवर. पाण्याची बाटली उजव्या हातानं. दोस्त पाठीवर थाप माराले आला की हा उजवी बाजू समोर करते. चारही सामन्यांत! तो अंग चोरून नव्हता राह्यला काका. दुखणं सांभाळून राह्यला होता. लपवून. मशीन चुकली ते चुकलीच, पण मी मशीनच्या आधी चुकलतो. मी काय पाह्यलं? मले त्याचा बाप दिसला टाळ्या वाजवणारा, आणि मी त्याच्यावर जळत होतो. एक ओळ लिहिली, तीही जळकी.

काहून लपवलं म्हणता? अहो, निवडीचं वर्ष! निवडीच्या वर्षी कोण सांगते माह्यं दुखते म्हणून? तुम्ही तर रोज पाहता. लग्नाच्या वर्षी पोरीचा चष्मा लपवता, पोराचे पडलेले केस लपवता, पोराची गेलेली नोकरी—

काही नाही. पाणी घेता अजून? उन्हाचं लय लागते.

मी काय म्हणत होतो. कंपनी. हो — दिवाळीच्या आधी कंपनीचा फोन आला. तिकडून तक्रार आली होती, ही ओळ कोणी लिहिली. स्पीकरवर होता फोन, इथंच, ह्या टेबलावर. नागपूरचे सर — तुमच्याच वयाचे, लय गोड बोलणारे — म्हणे, अमर, बेटा, हे तुह्या लॉगिनवरून गेलं, तू लिहिलं का? आणि अमरनं माह्याकडं पाह्यलं. नुसतं पाह्यलं, विचारलं नाही. मी काय केलं असन, सांगा? मी ह्या पंख्याच्या बटनाकडं पाह्यलं. एक, दोन, तीन, चार — चारवर होता पंखा. आणि अमर म्हणे, हो सर, मी लिहिलं. मशीनची चूक म्हणून नाही सांगितलं, आजोबाची तेरवी होती म्हणून नाही सांगितलं. मी लिहिलं. सर म्हणे, मंग आपल्याले थांबवा लागते बेटा. अमर म्हणे ठीक आहे. आणि फोन ठेवाच्या आधी म्हणे — हे आयका तुम्ही — म्हणे, सर, इथं एक पोट्टा आहे, त्याची डिग्री पुरी नाही, पण काम त्याले माह्याहून जास्त येते, माह्या जागी त्याले घ्या, तुमचं काम थांबणार नाही. आणि सरनं घेतलं! एवढे दिवस डिग्री पाहिजे होती, एका मिनिटात नाही पाहिजे झाली. तेव्हापासून लॉगिन माह्या नावाचं. तेव्हापासून ह्या खोलीत मी—

हो. एकटाच.

बरोबर आयकलं तुम्ही. नागपूरले मीटिंग नाही. कोणतीच मीटिंग नाही. अमर वणीले असते, दिवाळीपासून, कोळशाच्या ट्रकच्या वजनकाट्यावर. भरलेला ट्रक येते, वजन लिहिते, रिकामा येते, वजन लिहिते. आता तुम्ही उठू नका लगेच, पूर्ण आयकून घ्या — अमरनं तुमाले खोटं नाही सांगितलं. अमरले माहीतही नाही तुम्ही आले ते. इंदुताई आली होती माह्याकडं, इथंच उभी होती, दारात, पदर धरून. म्हणे, बाबू, पोरीकडचे आले तर काट्याचं नको सांगू, नागपूरच्या कंपनीत आहे म्हण, एवढं लग्न होऊन जाऊ दे. मी हो म्हणलं. मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू? त्याची नोकरी माह्यापाशी, आणि मी त्याच्या आईले नाही म्हणू? पण पाहा ना, तुम्ही मोठे लोकं कसे सगळ्याईले आपल्या खोट्यात घेता. इंदुताईले वाटते पोराचा काटा लपवला म्हणजे पोरगा उजळला. तुमाले वाटते काटा निघाला म्हणजे पोरगा डाग लागलेला. दोघंही चकतीच पाहून राह्यले! अन् तो पोरगा तिकडं धुळीत वजन लिहून राह्यला, आणि त्यानं एका माणसालेही सांगितलं नाही का त्याची नोकरी काहून गेली. बापाले नाही सांगितलं. आईलेही नाही. तिले वाटते ह्यानंच काही चूक केली. तिनं मले म्हणलं — तुह्यासारखं नीट काम केलं असतं तर आमचाही टिकला असता. मले म्हणलं! आणि मी मान हलवली.

आता तुम्हीच सांगा, अंग कोण चोरते.

फोन? केलते ना त्यानं. पहिला महिना रोज करे. वणीवरून, दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. मी नाही उचलले. काय बोलाचं? कसा आहेस विचारन, आणि मी म्हणन तुह्या खुर्चीवर बसून तुह्या कामाचं खाऊन राह्यलो? मंग दोन दिवसांआड आले. मंग रविवारी. मंग संक्रांतीले एक मेसेज, तिळगुळाचा, सगळ्याईले पाठवते तसा. मंग काहीच नाही. आता इथं दिवसभर मी आणि हे. कधी कधी एखादा पोट्टा काही भारी करते ना, असा मागं न पाहता चकती सोडते आणि ते बरोबर दुसऱ्याच्या काठीवर जाऊन बसते — तर माह्या तोंडातून निघून जाते, पाह्यलं का बे! मोठ्यानं. आणि खालून रहमतभाई विचारते, कोणाशी बोलून राह्यला रे? मी म्हणतो, फोनवर आहे.

म्हणून म्हणतो, बायोडाट्यात जे पाहिजे ते लिहून घ्या, पण माह्याकडून एका ओळीत नका मागू. मी एका ओळीत लिहून पाह्यलं, त्याचं काय झालं ते सांगितलं तुमाले. पोरगा शांत आहे का, कष्टाळू आहे का — असे शब्द तुम्ही घरी घेऊन जासान आणि उमरखेडले पोचेपर्यंत त्याचं दुसरंच काही होईन. मी तुमाले फक्त पाह्यलं ते सांगतो. चूक दुसऱ्याची झाली तेव्हा तो दूर गेला नाही. जवळ आला. स्वतःच्या अंगावर घेतलं, आणि हळूच घेतलं, कोणी पाहणार नाही असं. मी आजपर्यंत हजार पोट्टे पाह्यले असतीन काका, ह्या पडद्यावर, एकही नाही पाह्यला असा. सुरभीले सांगाचं असन तर हे सांगा. आणि काट्याचं पण सांगा, ते नका लपवू. ती काही लहान नाही, तिले ठरवू द्या. नाही म्हणली तर नाही म्हणली. पण खोट्यावर हो म्हणाले नका लावू, मंग ते तुटते — ऐन वेळी तुटते, आणि जिथं दुखत होतं तिथूनच तुटते.

रागावले? डोळ्याले काय झालं — धूळ आहे इथं लय. बसा. नाही, खिशात काय शोधता. बायोडाटा? हो, आहे त्याच्यावर नंबर, खाली, अमरचाच आहे तो. आत्ता लावता? आत्ता कायले? अहो, तुमाले विचाराचं ते घरी जाऊन विचारा, इथून नका लावू, त्याले वाटन मी — काका, आयका ना. दुपारची सुट्टी असन त्याची, जेवत असन. ट्रक असतीन रांगेत. उचलणार नाही तो, अनोळखी नंबर आहे तुमचा.

वाजून राह्यला. स्पीकरवर नका ठेवू.

...उचलला.

बोला ना. तुम्ही बोला, तुमचं काम आहे. सांगा नाव. हो, असंच. काट्याचं विचारू नका लगेच, आधी — हां. त्याचा आवाज बसलेला आहे, धुळीनं बसते तिकडं. आधी असा नव्हता. काय म्हणे? घाटंजीत आहे म्हणून कायले सांगितलं तुम्ही? कोणाच्या खोलीवर, हे कायले सांगता, काका, हात जोडतो—

नाही. मले काहून देता? नका देऊ. तुम्ही बोला, तुमचा फोन आहे, तुमची भाची आहे. मी नाही घेत. मागं घ्या तो हात. सांगा त्याले... सांगा, कुलूप होतं म्हणा. दार वाजवलं, कोणी नव्हतं. असं म्हणा ना, काका.

खोलीत कोणीच नाही, म्हणा.